धसईचा ध

गेल्या वैशाखातली गोष्ट. मुरबाडच्या एस.टी. स्थानकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याशी उभा होतो. लग्नाला निघालेले एक गृहस्थ घामाघूम होऊन जवळ आले आणि विचारू लागले, "घसईची गाडी कुठं लागते हो?" मुरबाड तालुक्यात घसई नावाचे गाव मी कधी ऐकलेले नव्हते. तसे सांगितले, तर त्यांनी मोबाइल काढून मुलाकडच्यांनी पाठवलेला फलकाचा फोटो माझ्यापुढे धरला. पिवळी अक्षरे, त्यांना पांढरी कड, तिच्याबाहेर लाल कड आणि खाली काळी सावली. अक्षरे इतकी गुबगुबीत की कढईतून नुकती काढलीत असे वाटावे. फलकावर गाव 'धसई' होते. पण 'ध'च्या डोक्यावरची फट त्या दोन कडांनी बुजवून टाकली होती आणि जे उरले होते त्याला 'घ' म्हणणे चूक नव्हते. गृहस्थ विदर्भातले. २०१६ च्या डिसेंबरात रोकडविरहित गाव म्हणून जिचे नाव देशभर झाले ती हीच धसई, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या डोळ्यांना जे दिसले ते त्यांनी नीट वाचले होते.

माझे आयुष्य मुद्रितशोधनात गेले. ध-घ, भ-म, थ-य या जोड्यांवर पाळत ठेवण्यासाठीच मला पगार मिळे, असे म्हटले तरी चालेल. त्या दिवसापासून मात्र कागद सोडून पाट्या वाचण्याचा नाद लागला. आसनगाव स्टेशनाबाहेरच्या रिक्षातळापासून शहापूरच्या बाजारपेठेपर्यंत आणि तिथून मुरबाड ओलांडून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत जाता-येता पाहू लागलो, आणि लक्षात आले की हा सगळा मुलूख हळूहळू एकाच अक्षरवळणाने लिहिला जातो आहे. ठळक अक्षर, सगळीकडे सारख्या जाडीचे, कुठेही कोन नाही, टोके गोल. कारागिरांच्या भाषेत 'राउंडेड सॅन्स-सेरिफ'. दुकानात कोणी हे नाव घेत नाही. तिथे गिऱ्हाईक म्हणते, "ते जाडं, गोल गोल टाका."

'सॅन्स-सेरिफ' हा शब्द देवनागरीला तसा नीट बसत नाही. रोमन अक्षरांच्या टोकांना जी बारीक पावले असतात ती सेरिफ, आणि ती काढून टाकली की अक्षर सॅन्स-सेरिफ. आपल्या अक्षराला पावले मुळातच नाहीत. त्याच्या डोक्यावर शिरोरेषा आहे आणि त्याचे सौंदर्य आहे ते जाड-बारीकपणात. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, त्यामुळे हात एका दिशेने गेला की रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेने गेला की बारीक उमटते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराने त्याच्यासाठी अक्षरे कोरली, तेव्हा पोलादावर काम चालले असले तरी डोळ्यांपुढे बोरूच होता. तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात 'छापील' म्हणजे जाड-बारीक अशी खूणगाठ बसली. म्हणून सारख्या जाडीचे गोल अक्षर पाहिले की पुष्कळ जाणत्यांना ते परके, इंग्रजीवरून उचललेले वाटते.

मला तसे वाटत नाही. आपल्या पूर्वजांच्या हातचे पहिले अक्षर कोणते? धुळाक्षर. जमिनीवर पसरलेल्या धुळीत बोटाने गिरवलेले. बोटाला धार नसते, कोन नसतो. रेघ सगळीकडे बोटाएवढीच जाड आणि तिची दोन्ही टोके गोल. आमच्या पिढीने ते पाटीवर पेन्सिलीने गिरवले. फळ्यावर गुरुजींचा खडू झिजून बोथट झाला की तोही असेच अक्षर काढी. म्हणजे ठळक, गोल टोकांचे, बिनबोरूचे अक्षर मराठी माणूस बोरूच्या आधी शिकत आला आहे. आणखी मागे जायचे तर याच मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावावरून नाणेघाटाची वाट चढते. वर लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे. सातवाहनांच्या काळातली ब्राह्मी, शिरोरेषा नाही आणि रेघांत बोरूचे जाड-बारीक नाही. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत, ते भगवानलाल इंद्रजींनी वाचले. त्या लेखाचा आणि आजच्या फ्लेक्सचा थेट वंश जोडण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एवढेच, की बोरू आपल्याकडे मधल्या मुक्कामाला आलेला पाहुणा आहे. मालकाने घर त्याच्या नावावर केलेले नाही.

धुळाक्षर आणि फ्लेक्स यांच्यामध्ये आणखी एक हात होता, तो पेंटरचा. पाट्यांचे पेंटर चपटा ब्रशही वापरत आणि गोलही. चपट्याने टोक चौकोनी येते. चुन्याने पांढऱ्या केलेल्या खडबडीत भिंतीवर घाईचे काम असले तर गोल ब्रश बरा पडतो, आणि त्याने रेघ सुरू केली की टोक आपोआप गोल होते. निवडणुकीच्या भिंती, साक्षरतेच्या घोषणा, खताच्या जाहिराती, एस.टी.च्या कपाळावर लावायच्या गावांच्या पाट्या या सगळ्यांत ते गोल टोक दिसे. ही गोलाई कोणी 'निवडलेली' नव्हती. हत्याराने आणि भिंतीने ती घडवली होती. शहापूरचा एक जुना पेंटर, हल्ली तो घरांनाच रंग देतो, मला सांगत होता की ठळक अक्षर काढताना तो आधी अक्षराकडे पाहतच नाही, आतल्या मोकळ्या जागेकडे पाहतो. 'ध'चे डोके उघडे राहणार की नाही हे ठरल्याशिवाय ब्रश रंगात बुडवायचा नाही. मुद्राक्षरांच्या शास्त्रात ही जागा फार महत्त्वाची मानतात. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंड लिहिले. आमच्या पेंटरने ते पाहिलेले नाहीत. तो तिथे वेगळ्या वाटेने पोहोचला.

आता संगणकातल्या अक्षराकडे येऊ. या वळणाचे मराठी मुलखातले सर्वांत नावाजलेले अपत्य म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या संस्थेचा 'बालू' हा फाँट. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी यांची. फाँट खुल्या परवान्याचा आहे. कोणीही उतरवून घ्यावा, वापरावा, बदलावा. सुरुवातीला तो एकाच जाडीत होता. पुढे 'बालू २' आला, त्यात साध्यापासून अतिठळकापर्यंत पाच जाड्या आहेत. याच संस्थेचा 'मोदक' त्याहून गुबगुबीत. त्यात अक्षराच्या आतली पोकळी केवळ सुरीने चिरल्यासारखी उरते. मोदक म्हणजे गंमत आहे आणि तो ती लपवत नाही.

बालू हे नाव किपलिंगच्या जंगलातल्या अस्वलाचे. (किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. मराठी अक्षरकारांच्या कितीतरी पिढ्या जे. जे.मध्येच शिकल्या, म्हणजे अस्वल एका अर्थी घरी परतले.) पण मला खरी गंमत वाटते ती त्याच्या भावंडांच्या नावांत. हा फाँट इतर भारतीय लिप्यांत गेला तेव्हा प्रत्येक लिपीत त्याला तिथले नाते चिकटवले गेले. गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, गुरुमुखीत बालू पाजी, तमिळमध्ये बालू तंबी, मल्याळममध्ये बालू चेट्टन, तेलुगूत बालू तम्मुडू, उर्दूत बालू भाईजान. देवनागरीतला मात्र नुसता बालू राहिला. त्याला आडनाव लावायचे काम आमच्या तालुक्यांनी केले. इथे तो 'भाऊ' झाला.

हे केवळ चेष्टेने म्हणत नाही. अक्षराला आवाज असतो आणि या अक्षराचा आवाज नात्याचा आहे. खांद्यावर हात ठेवून बोलणारा, जरा मोठ्याने, पण आपला. म्हणून 'भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा' या ओळीला ते शोभते. क्रिकेटच्या सामन्यांचे फलक, मिसळीची दुकाने, बालवाडीचे दार, गोविंदा पथकाचा बनियन, गणपतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक इथेही ते आपल्या घरात आहे. बोरूच्या वळणातल्या अक्षराने 'झणझणीत मिसळ' लिहा, तोंडाला पाणी सुटायचे नाही. ती एखाद्या स्तोत्राची फलश्रुती वाटेल. सरकारी पत्र आपल्याला बहुधा मंगल फाँटमध्ये येते. तो र. कृ. जोशींसारख्या कवी-अक्षरकाराने घडवलेला, पण कचेऱ्यांनी त्याला इतके राबवले की त्याच्याकडे पाहिले तरी मुदत संपत आल्यासारखी वाटते. त्यापुढे गोल अक्षर म्हणजे सुटीच्या दिवसाचे. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती हाच आवाज सगळ्यांच्या तोंडी घातला जातो तेव्हा. 'भावपूर्ण श्रद्धांजली' याच अक्षरात, त्याच फुगवट्याने, फक्त पिवळ्याच्या जागी पांढरा रंग. आदल्या महिन्यात ज्याच्या वाढदिवसाला हे अक्षर हसले, त्याच्याच फोटोखाली ते आता रडते आहे आणि चेहरा मात्र बदललेला नाही. दुकानदाराला विचारले तर म्हणतो, फाइल तयार असते, मजकूर बदलायचा. त्याचेही खोटे नाही. रात्री अकराला येणारे गिऱ्हाईक सकाळी सातला फलक मागते.

त्याहून गंभीर आहे जमिनीची जाहिरात. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत रस्त्याच्या कडेने प्लॉटचे फलक उभे आहेत, आणि इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून शहापूरच्या बाजूला त्यांना ऊत आला आहे. 'निसर्गाच्या कुशीत', 'हक्काचं घर', 'तुमची स्वतःची माती'. अक्षर गोल, हिरवे, त्यातून एखादे पान फुटलेले. खाली, अगदी तळाला, बारीक आणि किरट्या अक्षरात शेतकरी असल्याच्या दाखल्याबद्दल काहीतरी असते, नाहीतर नसतेही. आमच्याकडे जमीन ही भाऊपणाने द्यायची वस्तू नाही. ती शेतकऱ्यालाच घेता येते. आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची ३६ आणि ३६-अ ही कलमे आडवी येतात आणि परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला जात नाही. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या असलेल्या मुलखात ही कलमे म्हणजे नुसता कागद नाही. कायद्याचा आवाज कोरडा असतो आणि तो कोरडाच असायला हवा, कारण ऐकणाऱ्याने तिथे थांबून विचार करायचा असतो. गोल अक्षर थांबू देत नाही. ते 'या, बसा' म्हणते. फलकाच्या वरच्या नऊ भागांत 'या, बसा' आणि तळच्या एका भागात अटी, ही विभागणी करणाऱ्याला अक्षरांची ताकद आपल्यापेक्षा चांगली कळते, असे मला वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गोल अक्षर म्हणजे बालिश किंवा लाघवी, हा अर्थ अक्षरात नसून आपल्या सवयीत असेल. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९७९ च्या सुमारास स्वतःसाठी गोल टोकांचा फाँट करून घेतला. मोटारी विकणाऱ्यांना तो पोरकट वाटला नाही. जपानमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर गोल टोकांची ठळक अक्षरे दीर्घकाळ वापरात आहेत आणि तिथला चालक त्यांना हसत नाही. मान्य. आपल्याकडे उद्या भातसा धरणावरची सूचना सतत याच वळणात लिहिली गेली तर दहा वर्षांत तेच अक्षर हुकमाचे वाटू लागेल. पण सवय लागायला ते एकाच कामाला लावावे लागते. आमच्या रस्त्यावर त्याला वाढदिवस, तेरावा, प्लॉट, मिसळ आणि 'पाण्यात उतरू नये' अशी सगळी कामे एकदम दिली आहेत. पावसाळ्यात माळशेजकडे येणारी शहरातली पोरे धबधब्याशी लावलेली सूचना ज्या हसऱ्या अक्षरात वाचतात, त्याच अक्षरात शेजारच्या टपरीवर 'गरमागरम कांदाभजी' लिहिलेले असते. भजी खाल्ली जाते. सूचनेचे काय होते ते आपण दर श्रावणात वर्तमानपत्रांत वाचतो. दोष केवळ अक्षराचा असे मी म्हणणार नाही, पण पाटी लावणाऱ्याने एवढा विचार करायला हरकत नव्हती.

आणि मग वाचनाचा प्रश्न, जिथून मी सुरुवात केली. देवनागरीत काही अक्षरांमधला फरक केवढासा असतो पाहा. 'घ'ची शिरोरेषा अखंड, 'ध'ची डावीकडे तुटलेली आणि तिथे एक वळसा. 'म' आणि 'भ', 'य' आणि 'थ' यांचेही तेच. 'ख'चा 'र' खाली 'व'ला टेकला नाही की तो 'रव' होतो. अक्षर जसे जाड करावे तशी ही फट खाल्ली जाते, कारण जाडी बाहेर जितकी वाढते तितकीच आतही वाढते. चांगला अक्षरकार हे ओळखून ठळक वळणात फट मुद्दाम रुंद ठेवतो, वळसा लहान करतो, शिरोरेषा जरा बारीक करतो. फाँटच्या कारखान्यातून अक्षर बहुधा वाचता येईल असेच बाहेर पडते. मारले जाते ते फ्लेक्सच्या दुकानात. तिथे त्याला कड लावतात, मग कडेला कड लावतात, फलकात बसावे म्हणून आडवे दाबतात आणि मूळ अतिठळक असले तरी वर आणखी 'बोल्ड'चे बटण दाबतात. आमच्या गावांची नावे जणू याच अत्याचारासाठी ठेवलेली. धसईची घसई, भातसानगरचे मातसानगर, खर्डीची रवर्डी. स्थानिक माणसाचे अडत नाही, तो नाव आधी ओळखतो आणि मग वाचतो. अडते ते बाहेरून आलेल्याचे, आश्रमशाळेत नुकत्या अक्षरे लावू लागलेल्या पोराचे आणि प्रौढ वर्गात वाचायला शिकलेल्या म्हातारीचे. पाटी खरे तर त्यांच्यासाठीच असते.

'ल' आणि 'श' यांची कथा निराळी. मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' यांना युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे. कोणता दिसावा हे फाँटवर आणि संगणकाला 'ही भाषा मराठी आहे' असे सांगण्यावर अवलंबून असते. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित करताना मराठी वळण सांगितले आहे. दुकानातला मुलगा भाषा निवडत नाही, कारण ती निवडता येते हेच त्याला कोणी शिकवलेले नाही. त्यामुळे 'शहापूर' हे नाव शहापुरातच पुष्कळ ठिकाणी हिंदी 'श'ने लिहिलेले दिसते. याने कोणाचा जीव जात नाही, पण मुद्रितशोधकाची रात्र जाते.

शेवटी मी एक पोरकट प्रयोग केला, तो सांगतो. 'बालू २' च्या पाचही जाड्यांत 'धसई' हा शब्द मोठ्या आकारात छापून आणला. सहाव्या कागदावर अतिठळक शब्दाला दुकानातल्यासारख्या दोन कडा लावल्या. शेजारच्या आजी साक्षरतेच्या वर्गात चाळिशीनंतर वाचायला शिकलेल्या. त्यांना ओटीवर बसवले आणि अंगणाच्या टोकाला जाऊन एकेक कागद धरत गेलो. साधी, मध्यम आणि तिच्यावरची जाडी त्यांनी लगेच वाचली. ठळकही वाचली. अतिठळकाला त्यांनी डोळे बारीक केले, पण तो 'ध'च आहे म्हणाल्या. कडा लावलेला कागद धरला तेव्हा बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याला काय झालंय? सुजलंय का?" आणि चष्मा पदराने पुसून पुन्हा पहिला कागद मागितला.